ओलं गोणपाट

३० एप्रिल २०२५, आखाजी

खापरावरचे मांडे केले, पण घशाखाली उतरले नाहीत. उतरतील कसे? नातसून हेमांगी सणाला माहेरी असोद्याला गेली, आणि माझा मुलगा प्रेमराज सकाळी सकाळी ओट्यावर बसून म्हणतो, "आते तठेच ऱ्हाऊ दे तिले."

का? "वांझ शे. बठ्ठा गाव म्हनस."

गावाच्या बापाचं काय जातं! तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. सुया टोचून टोचून हाताची चाळण झाली. डॉक्टर दर वेळी म्हणाले, बाई ठीक आहे. तरी शब्द तिलाच!

मी विचारलं, भूषणला तपासलं का? प्रेमराज असा बघायला लागला, जशी मी देवळात चप्पल घालून शिरले. स्वतःच्या पोराचं नाव घेतलं ना!

२ मे

आज जेवताना धरलाच त्याला. म्हटलं, हरभरा पेरायच्या आधी काय करतोस? दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतोस. मोड येतात का बघतोस. नाही आले तर शिव्या कोणाला देतोस — शेताला का बियाण्याला?

"माय, ते बियानं शे. हाऊ मन्हा पोऱ्या शे!"

"मग पोऱ्याचं गोणपाट कोण भिजवणार, मी?"

सून सारिका ताकाचं भांडं घेऊन आत पळाली. पाठ हलत होती. हसत असणार.

९ मे

भूषणला घेऊन जळगावला गेले. सोबत गेले नसते तर गडी स्टँडवरूनच परतला असता. डॉक्टरीणबाईंनी हातात डबी दिली. असा लाजला! लग्नात नवरी एवढी लाजली नव्हती.

बाई म्हणाल्या, "आजी, बीज आहे. पण थोडं, आणि आळशी."

म्हटलं, बापावर गेलंय.

तंबाखूची पुडी आजपासून बंद. नवं बीज तयार व्हायला एका पिकाएवढा वेळ जातो म्हणे. एवढ्यानंच होईल असं नाही, पण सुरुवात इथून.

बसमधून उतरल्यावर त्यानं खिशातल्या पुड्या गटारात टाकल्या. "आजी, हेमांगीला काय सांगू?"

खरं सांग. रिकाम्या तोंडाला तेवढं तरी काम दे.

१० मे

भूषण असोद्याला जाऊन आला. खरं सांगितलं म्हणतो. ती काय म्हणाली ते सांगत नाही. एक गाल लाल होता. उन्हानं असेल!

२२ जून

गिरणेकाठचा खालचा तुकडा. प्रेमराज त्यालाही वांझच म्हणतो. जीभच तशी! दरवर्षी युरिया ओतला, शेणखताचं तोंड दाखवलं नाही. आता जमीन खापरासारखी. गांडूळ औषधाला सापडत नाही. या डायरीच्या पानापानावरसुद्धा युरियाची गोणी छापली आहे — खतवाल्यानं फुकट दिली ना!

तुकडा माझ्या नावावर आहे. म्हटलं, यंदा कापूस नाही. बोरू, म्हणजे ताग, पेरायचा, आणि फुलावर आला की खत म्हणून तिथंच गाडायचा.

"उभं पीक गाडनार? माय, डोकं ठिकानावर शे ना?"

"भूषणनं पुडी सोडली. तुझ्या शेताची मी सोडवते."

८ ऑगस्ट

गाडला बोरू. पिवळाधमक फुलला होता. ट्रॅक्टरवाला भटू हळहळला, "आक्का, जीव व्हत नही." मी नाही हळहळले. मातीला जेवायला घातलं, त्यात रडायचं काय?

भूषण दर शनिवारी असोद्याला. जावई सासुरवाडीचा उंबरा झिजवतोय म्हणून गाव दात काढतं. काढू दे.

हेमांगी मात्र येत नाही. सासऱ्याला नाना म्हणते. "नानांनी तोंडानं बोलावल्याशिवाय नाही," असं कळवलंय. खमकी आहे. मला आवडलं.

प्रेमराज बोलावत नाही. तोही माझाच.

२४ ऑक्टोबर

तुकड्यात वखर फिरला. ढेकूळ हातात घेतलं तर भाकरीसारखं मोडलं. आत गांडूळ! लांब, लालबुंद. उचललं आणि प्रेमराजच्या तळहातावर ठेवलं.

"घे. तुझ्या वांझ तुकड्याचं पोर."

त्यानं गांडूळ टाकलं नाही, वाकून मातीत ठेवलं. घरी येऊन न सांगता गोणपाट भिजवलं.

५ नोव्हेंबर

हरभरा उगवला! ओळीच्या ओळी भरल्या. प्रेमराज बांधावर उभा होता.

"माय, जमीन बरी शे."

म्हटलं, ती बरीच होती. तुझी जीभ बरी नव्हती.

१६ नोव्हेंबर

हेमांगीचा फोन. "आजी, गोणपाटात मोड आलाय."

डॉक्टरीणबाईंनी पक्कं सांगितलंय. भूषण चपला घालायला धावला. प्रेमराज गाडीची किल्ली शोधायला लागला — "मी जास तिले लेवाले!"

ती म्हणाली, "आधी नानांना विचारा. आता मला काय म्हणणार?"

फोन प्रेमराजच्या हातात दिला. सगळ्यांना बजावलं — मधे कुणी बोलायचं नाही. शब्द ज्यानं काढला, उत्तर त्यानंच द्यायचं.