वरवंटा

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. चौथीतून शाळा तुम्हीच सोडवलीत, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर बोलायचं नाही. मी इथे विलायतेत म्युझियममध्ये फरशा पुसते. ट्यूबच्या भुयारी गाडीत बॉम्ब फुटल्यापासून दारात बॅगा तपासतात, आत मात्र सगळं शांत. मंगळवारी जपानी दालनात गाइडबाई सांगत होती, आठशे वर्षांपूर्वी तिकडे जपानात एक कारभारी होता. राजा लहान, म्हणून राज्य हाच चालवायचा. हुकूम राजाच्या नावाने, मर्जी ह्याची. तुमचं नाही का, प्रत्येक गोष्टीला "आबांनी सांगितलंय", आणि आबा आजोबा बिचारे तिकडे साताऱ्याला, त्यांना पत्ताही नाही. शिवाय हा कारभारी कविता करायचा, अशा नाजूक की वाचणारा विरघळावा. चाळिशीही गाठली नाही. घरी कवींची मोठी बैठक ठरलेली, त्याच्या आधीच अंथरुणात मेलेला सापडला. म्हणे छतातून कुणी भाला खुपसला. कुणी, ते कधी कळलंच नाही. "एवढा हळवा माणूस!" एक म्हातारी हळहळली. मी मॉप आपटून म्हटलं, "त्याच्या स्वयंपाकघरात विचारलं का कुणी?" गाइडबाई दचकली. "यू ऑलराइट, लव्ह?"

आपलं इथलं ईलिंगचं घर आठवा. तुमची नाइट शिफ्ट. सकाळी येऊन चहा गार लागला म्हणून आईचा तळवा तुम्ही तापल्या तव्यावर दाबून धरलात. मी सोडवायला आले तर माझं तोंड कपाटावर आपटलंत, पुढचा दात तिथेच पडला. मग जेवून वर जाऊन झोपलात. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे कविसंमेलन ठरलेलं. मी वरवंटा घेऊन जिना चढते. तुम्ही उताणे, चष्मा नाकावर तसाच, छातीवर तुमच्या कवितेचा कागद. दोन्ही हातांनी वरवंटा उचलते. कुठे घालायचा तेही ठरलेलं, कानाच्या वर. खालून आई ओरडते, "अगं, वरवंटा कुठे नेलास? चटणी वाटायचीय!" मी हलत नाही. मग तीच वर येते, हाताला फडकं गुंडाळलेलं. माझ्याकडे बघते, तुमच्याकडे बघते. हळूच म्हणते, "आज नको. उद्या पाहुणे यायचेत."

चटणी मी वाटली. पुढे कित्येक वर्षं तुम्ही तिला मारतच राहिलात, आणि ती तुमच्या आधी गेली. तो उद्या काही आला नाही. वरवंटा माझ्याकडे आहे. हा कागद मी त्याच्याखालीच ठेवणार, दुसरं कुठे धाडू? एकच सांगते. पाहुण्यांसमोर तुम्ही आईच्याच हातांवर केलेली कविता म्हटलीत, आणि ती फडकं बांधल्या हाताने वडे वाढत होती. सगळ्यांनी डोळे पुसले. मीही पुसले, अण्णा. कविता चांगली होती.