मिटलेली मूठ

तांडा, गोरेगावजवळ
१७ नोव्हेंबर २००१

ती. देविदासदादास,

संगिताचा नमस्कार. वहिनीला नमस्कार, लेकरांना पापा.

आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. सोयाबीन काढून झालं. मळणीयंत्र तांड्यावर आलंय, पण त्याचा आवाज सुरू झाला की हे उठून पार लांब जाऊन बसतात. मागच्या साली त्यातच यांचा उजवा हात गेला, तू बघून गेलासच. जखम भरली. दुखणं गेलं नाही, आणि दुखतो तो नसलेला पंजा. मूठ आवळली आहे म्हणतात, नखं तळव्यात रुतून राहिलीत म्हणतात. "उघडा ना कोणी," म्हणून कण्हतात. मी काय उघडू, दादा? रिकामी बाही?

डॉक्टर म्हणाले, मनाचा भास आहे. हे भडकले. "भास असता तर एवढा दुखला असता व्हय?"

सासूबाईंनी वेगळंच काढलं. तो हात दवाखान्यातून फडक्यात बांधून आणला अन् शेताच्या धुऱ्यावर पुरला होता. घाईत मूठ मिटलेलीच पुरली, म्हणून पोराची मूठ सुटेना, असं त्यांचं म्हणणं. परवा उकरायला लावलं. मी नको नको म्हणत होते. बारकी बारकी हाडं निघाली, कसली मूठ अन् कसलं काय. तरी म्हातारीनं मातीत मांडी घालून एकेक बोट सरळ मांडलं, लेकरू निजवावं तसं. हे बघत होते. "बरं वाटलं, याडी," आईला म्हणाले. घरी आल्यावर मला म्हणाले, "काही फरक न्हाई. तिला सांगू नको."

आता तुझ्यावरचा राग लिहिते. मोठा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक तू! आलास तेव्हा बाजेवर बसून यांना धीर दिलास. देह वेगळा, मन वेगळं. सगळ्यावर शंका घेता येते, पण शंका घेणारा 'मी' असतोच, त्याला कुठलं यंत्र कापू शकत नाही. चांगल्यासाठीच बोललास, मला कळतं. पण हे तेच धरून बसले. दिवसभर त्याचाच विचार करून राहिले.

काल जेवताना म्हणाले, "हात गेला अन् दुखणं राहिलं. मंग उद्या सगळा देह गेला तर सगळंच दुखणं राहील का?"

मी म्हटलं, असलं काहून बोलता?

तर हसले. "हे कळत न्हाई म्हणूनच थांबलो, संगिता. न्हाईतर कधीच सुटलो असतो."

माझा घास तिथंच राहिला. आता यांना क्षणभर एकटं सोडत नाही. चिडते, रडते, पुन्हा भाकरी थापायला बसते. दुसरं काही येतच नाही रे मला.

पुढच्या सोमवारी हे तुझ्याकडे यायला निघणार आहेत, एवढंच विचारायला की देहाबरोबर दुखणं मरतं का. "देविदासभाऊ खोटं बोलणार न्हाई," म्हणतात. मला माहीत आहे, तुझीही खात्री नसेल. कदाचित मरतं असंच तुला वाटत असेल. तरी तू मरत नाही म्हण. राहतं म्हण. बायको असून नवऱ्याला असं सांग म्हणतेय, माझ्या तोंडाला कीड पडो. पण मला हे हवेत, दादा. दुखत का असेनात.

तुझ्या एका खोट्याच्या आशेवर असलेली,
संगिता