मायच्या कपाटावरचा हिरवा रंग

बाबा,

तुमच्या हातच्या हिरव्या रंगावर आज माझी नात काचकागद घासते आहे. पुण्याहून सुट्टीला आली आणि गुरांच्या ढेपेच्या खोलीत पडलेलं कपाट बघून हरखलीच. वर पांढुरका रंग देणार, तो सुकला की कडा घासून खालचं लाकूड दाखवणार, म्हणजे कपाट शंभर वर्षांचं वाटेल म्हणते. 'व्हिंटेज लुक' म्हणतात म्हणे त्याला. मला आधी हसू आलं आणि मग संताप. ते नवं दिसावं म्हणून तुम्ही जिवाचं रान केलंत, त्यापायी मी उभा जन्म टोमणे खाल्ले, आणि ही पोरगी तेच कपाट जुनं दिसावं म्हणून घाम गाळते आहे.

आपल्या धाड गावात बाजाराच्या रस्त्यावर तुमचं दुकान. कोणी मोडकी खुर्ची आणायचं, कोणी वाळवीने खाल्लेलं टेबल. तुम्ही भेगांमध्ये खडूची भुकटी तेलात मळून केलेली लांबी भरायचात, ती वाळली की घासायचात, मग रंगाचे दोन हात. "हात फिरला का झालं नवं," म्हणायचात. गिऱ्हाईक काही फसायचं नाही, वस्तू त्याचीच असायची. फसले ती मीच.

माझ्या लग्नाच्या मांडवात, रुखवतात, ते कपाट उभं आहे. तुम्ही त्याच्या पुढ्यात, कोणाला हात लावू देत नाही. मला वाटतं, बापाला लेकीला दिलेल्या वस्तूचं किती कौतुक! रंग अजून ओला होता हे माझ्या पदराला हिरवा डाग पडला तेव्हा कळलं.

दुसऱ्या पावसाळ्यात जळगाव जामोदला, सासरी, कपाटाच्या दारातली लांबी फुगली आणि गळून पडली. खाली चार अक्षरं कोरलेली. मायचं नाव. ती बाळंतपणात गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिचं कपाट विकलं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. त्याच अक्षरांवरून बोट फिरवत मी पहिल्यांदा वाचायला शिकले होते, मला ती ओळखू येणार नाहीत?

सासू मागेच उभी होती. "कोनाचं नाव हाय व हे? मेलेल्या बाईचं त नाई ना?"

"मले काय माईत, आत्याबाई. जुन्या बाजारातलं असन."

त्याच दिवशी कपाट ढेपेच्या खोलीत गेलं. भिकारड्या बापाची लेक, हे मी पुढे सासू जाईपर्यंत ऐकलं.

दिवाळीला तुम्ही आलात ते पिशवीत लांबी आणि रंगाचा डबा घेऊनच. तुम्हाला कोणी कळवलं, देव जाणे. त्या खोलीत उकिडवे बसून तुम्ही नाव पुन्हा बुजवत होतात. मी दारातून विचारलं, "काऊन सांगतलं नाई मले?"

तुम्ही मान वर केली नाही. "सांगतलं असतं त तू नेलं असतं का?"

मी दारातूनच मागे फिरले. तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही. पुढच्या संक्रांतीआधी तुम्ही गेल्याचा निरोपच आला.

त्या प्रश्नाचा राग मी इतकी वर्षं जपला. विचारायचं होतं तर लग्नाआधी विचारायचं होतं. माझी माय मला उजळ माथ्याने द्यायची होती, रंग फासून नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर मी त्या दारावर डोकं टेकवलं असतं, सासूला तोंडावर सांगितलं असतं की हो, माझ्या मायचं आहे, ठेवायचं तर ठेवा. असं मी घोकत आले.

आज दुपारी नातीने लांबी खरवडली. "आजी, इथे नाव आहे. कोणाचं गं?"

सासूला जाऊन जमाना झाला. घर माझं आहे. पोरीला शुभ-अशुभ काही ठाऊक नाही, उलट तिने ते नाव कौतुकाने तसंच ठेवलं असतं. मायचं नाव माहीत असलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

"असन कोनाचं तरी," मी म्हणाले. "लांबी भर अन् रंग दे."

तिने भरली. तुमच्याइतकी सफाई नाही तिच्या हाताला.

हे पत्र पाठवता आलं असतं तरी तुम्हाला पाठवलं नसतं. नसतं नेलं मी, बाबा.