जवसाचं तेल थिजत नाही

४ डिसेंबर २००८
आज कुडव्यात राहाले आलो. खोली पक्की आहे, नळ अंगणातच. सौंदडले पाण्यासाठी लायनीत उभं राहा लागे, इथं हात लांबवला का पाणी. रिंकीचे बाबा राईस मिलमध्ये लागले. तिथून मागच्या सालची कोरी डायरी आणली. म्हणे तू सातवी शिकली, लिही काहीबाही. तं लिहून राहिली.

रिंकी सात महिन्याची. मांडीले तीन-तीन वळ्या. आंघोळीत वळीत बोट घालून धुवा लागते. घरमालकीण रुख्मा आजी मागच्या खोलीत राहते, एकटीच. सत्तरच्या वर असन, पण गाल टम्म, हात गादीवानी मऊ. सांगत होती का तिले जन्मात ताप आला नाही.

७ डिसेंबर
आजी फुकटात मालिश करून देते. सकाळी उन्हात पाय लांब करून बसते, पायावर लेकरू, बाजूले वाटीत जवसाचं तेल. रिंकी अशी रमली का आजीच्या चपलीचा आवाज आला का हात वर करते. मग मलेबी खाटेवर निजवलं. बाळंतपणाचं पोट अजून लोंबते माह्यं. आजीनं चिमटीत धरलं.

"एवढं कायले बाळगतेस वं? दे मले."

मी हसली. म्हणलं, "ने ना आजी. आमच्या दोघीचंबी ने, लय आहे."

१५ डिसेंबर
परकराची नाडी चार बोटं आत आली. बरं वाटलं. रिंकीच्या मांडीले आता एकच वळी. थोडा खोकला आहे. आजी म्हणे लेकरू रांगाले लागलं का उतरतेच.

२२ डिसेंबर
अंगणवाडीत पुष्पाबाईनं वजन केलं. रिंकीचं कार्ड हिरव्यातून खाली पिवळ्यात. खोकला जात नाही, कानात फोड, जिभीवर पांढरं. तिनं दवाखान्यात धाडलं.

डॉक्टरीण बाई चांगली होती. तिनं सांगतलं का चरबी म्हणजे नुसतं तूप नाही. आजाराशी लढणारे शिपाई तिच्यात राहतात. चरबीच त्याईले खाऊ घालते, कधी उठाचं, किती जणाईनं उठाचं, तेबी तीच सांगते. ती गेली का शिपाई उपाशी, मग साधा खोकलाबी जात नाही. मी म्हणलं पोरगी दूध पिते, भात खाते. तिनं मले इचारलं, मग चरबी जाऊन कुठं राहिली?

२६ डिसेंबर
लय थंडी. आज वाटी मीच भरून देली, अर्धी. मालिश झाली तं काठोकाठ.

सांडलं नाही. कोणी ओतलं नाही. मी तिथंच बसली होती.

आणि वरून पांढरं थिजलं. आमच्या वावरात दरसाल जवस होते. कितीबी थंडी पडो, जवसाचं तेल थिजत नाही. बोट लावून वास घेतला. रिंकीच्या टाळूचा वास.

२८ डिसेंबर
रिंकीच्या बाबाईले सांगतलं. आधी हसले, मग चिडले. म्हातारी फुकट राबून राहिली अन् तुले भुतं दिसतात, म्हणाले. पुष्पाबाईले सांगतलं तं तिनं खोली कोणती ते इचारलं. मग सांगतलं. या खोलीतल्या दोन लेकरायचं कार्ड असंच उतरलं होतं. दोघंबी तापानं गेले.

म्हणून आजीले ताप येत नाही. सगळ्यायचे शिपाई तिच्यापाशी.

१ जानेवारी
दार लावून बसली. आजी बाहेर उभी. रिंकी तिच्यासाठी रडून राहिली. मी आतून म्हणलं, जा.

"तूच देलंस बाई. मी मागून नेलं, चोरून नाही."

मी म्हणलं, माह्यं ने, पोरीले सोड. आजी म्हणाली, बरं.

९ जानेवारी
रोज खाटेवर मी. रिंकीचा खोकला गेला. कार्ड वर चढलं. आजी तिले सोताच्या हातानं तूप-भात चारते. चारू दे. भरू दे पोरगी.

माह्या बोटात धानाचं कुसळ गेलं होतं. पाच दिवस झाले. पिकलं.

१७ जानेवारी
ताप. तोंड आलं. बोट काळं. डॉक्टरीण म्हणत होती, चरबी लय झाली तं शिपाई सोताच्याच घरावर उठतात. आजीवर काऊन उठत नाहीत? रोज पाहून राहिली. तिचे गाल लालबी होत नाहीत—

२२ जानेवारी
दूध आटलं. रिंकीच्या बाबाईनं आज माहा हात हातात घेतला अन् रडले. उद्या बारा वाजता ऑटो आणतात. सौंदडले जाऊ. बारा वाजेपर्यंत—

२३ जानेवारी
अकरा वाजले.

आजी येऊन गेली. पोटाले चिमटा घेतला, नुसतं कातडं आलं. म्हणाली, "तुह्यातलं संपलं." मग रिंकीची मांडी दाबून पाहिली. एक, दोन, तीन वळ्या. मोजल्या तिनं. हसली. वाटी आणाले गेली.

तूप-भात— म्हणून चारत होती—

कडी लावली. बोटात जोर नाही, अर्धीच—

चपलीचा आवाज.

रिंकी हसून राहिली. नको वं बाई, माह्यापाशी ये— हात वर केले, आता दाराकडं रां