मरळीचे दात

सावेडी, गुरुवार

ती. सहादेवमामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून पत्राला सुरुवात करतोय, आणि पत्र संपेपर्यंत ते तिथून उचलायची हिंमत होईल असं वाटत नाही. तुमची आणि साळूमामींची तब्येत बरी असेल. मामींचा मागे फोन आला होता, तेव्हा कळलं की डोळे तपासायला तुम्ही दर बुधवारी पहिल्या गाडीने नगरला येता आणि डॉक्टरच्या हाताला चांगला गुण आहे. (नगरपर्यंत येऊन तुमचे पाय सावेडीला लागत नाहीत, याचा तुमच्या भाचेसुनेला, आरतीला, राग आहे. मला नाही.) हे सगळं फोनवरच बोललो असतो, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि निम्मं राहाता गाव ऐकत बसतं. म्हणून हे पत्र दूधवाल्या बजरंगच्या टेम्पोतून धाडतोय. वाचून झालं की चुलीत घाला.

मामा, मी फार घाबरलोय. येत्या रविवारी दिपालीचे सासू-सासरे लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्याकडे जेवायला येताहेत. माणसं मुरूडची, समुद्राकाठची. माशाशिवाय त्यांचा घास उतरत नाही, आणि आपल्या घरात तुम्ही सगळ्यांच्या गळ्यात माळ घातल्यापासून अंड्याचं टरफलसुद्धा उंबरा ओलांडून आत आलेलं नाही. तसं पनीरवर भागलं असतं. पण गेल्या दिवाळीत आम्ही मुरूडला गेलो, तेव्हा विहीणबाईंनी आमच्यासाठी नवी कोरी भांडी आणली होती आणि आम्ही होतो तोवर घरात मासा शिजवला नाही. (व्याही दोन्ही वेळा वांग्याच्या भाजीकडे बघत बसायचे. मला त्यांची दया यायची.) आता दिपाली म्हणते, "पप्पा, आईंना मासे नसले तरी चालेल. पण आपल्या घरात त्यांना परकं वाटलं, तर मला नाही चालणार." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मासे ती स्वतः गच्चीवर गॅस नेऊन करणार आहे. आणायचे मात्र मी, रविवारी पहाटे, बाजारातून. बर्फातलं पापलेट आणावं तर ते किती दिवसांचं आहे हे विहीणबाई पिशवी न उघडता सांगतील. म्हणून धरणातली जिवंत मरळ आणायची ठरली. आता मला कोणकोणती भीती वाटते ते ऐका. मासा शिळा निघेल आणि पाहुणे दवाखान्यात पडतील. बाजारात कुणीतरी मला ओळखेल. भजनी मंडळाचे काकासाहेब पहाटे फिरायला त्याच रस्त्याने जातात. आणि सगळ्यात मोठी भीती ही, की ते तुमच्या कानावर जाईल. (म्हणून मीच आधी घालतोय.)

मग ठरवलं की एकदा रंगीत तालीम करावी. काल पहाटे रेनकोट, मास्क आणि वरून हेल्मेट चढवून निघालो. पावसाचा थेंब नव्हता. माळ शर्टाच्या आत सारली, तर ती सारखी बाहेर येऊन बघायला लागली. बाजारात पाऊल टाकलं. टेम्पो मागे येताहेत, पाट्या डोक्यावरून जाताहेत, खाली सगळं निसरडं, आणि जो तो ओरडतोय. हेल्मेटमुळे मला शब्द कळेना, त्यामुळे सगळे माझ्यावरच ओरडताहेत असं वाटत होतं. पळून जावं म्हणून वळलो, तर मागे वाटच राहिली नव्हती. गर्दीने ढकलत ढकलत मला कडूबाई नावाच्या बाईच्या टबापुढे नेऊन उभं केलं. टबात मरळी वळवळत होत्या.

आता, जनावर विकत घ्यायचं म्हणजे काय करायचं, हे मला तुम्हीच घोडेगावच्या गुरांच्या बाजारात शिकवलंय. उजव्या हाताने मान धरायची, डाव्या अंगठ्याने ओठ उचलायचा, दात बघून वय ओळखायचं: आदत, दुसा, चौसा. मला दुसरं काही येतच नाही. भीतीने डोकं बंद पडलेलं, हातांनी त्यांचं काम केलं. मरळीची मान धरली, अंगठ्याने जबडा उघडला आणि वाकून बघितलं. मामा, मरळीला दात असतात. ते तिने माझ्या अंगठ्यात रुतवले, शेपटी हेल्मेटवर मारली आणि ती माझ्या रेनकोटात शिरली. मी देवाचं नाव घेतलं ते इतक्या मोठ्याने, की अख्खा बाजार गप्प झाला.

कडूबाईने मरळ ओढून काढली आणि म्हणाली, "आवो दादा, दात काय बघताय? नांगराला जुपायचीय का?" लोक हसले. मला रडायला येत होतं. माझा अंगठा चिंधीने बांधता बांधता ती म्हणाली, "तुमच्यागत अजून एक म्हातारबाबा हायेत. दर बुधवारी येत्यात, त्वांडाला उपरनं गुंडाळून. ते बी डाव्या आंगठ्यानं आधी दातच बघत्यात. पन त्यास्नी कंदी चावली न्हाई. लई सराईत मानूस." मी काहीच न घेता घरी आलो. स्कूटरभोवती कालपासून गल्लीतल्या मांजरी बसून आहेत आणि आरती त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघते.

तेव्हा मामा, तुम्ही घरातले थोरले. तुम्ही नाही म्हणालात तर पनीर करू, लेक रुसली तर रुसली. तुमचा निरोप येईपर्यंत मला घास गोड लागणार नाही.

तुमच्या धाकात वाढलेला,
रंगनाथ

ता.क. पनीर करायचं असं वर लिहिलंय खरं, पण लेक रुसलेली मला सोसणार नाही. मासे आणायचेच आहेत. आणि त्या बाजारात मी पुन्हा एकटा जाणार नाही, मला फार भीती वाटते.

दुसरा ता.क. कडूबाई अंगठा बांधत होती, तेव्हा पलीकडच्या टबापाशी उपरणं गुंडाळलेला एक म्हातारा माझ्याकडे पाठ करून, पिशवी छातीशी धरून घाईघाईने निघून गेला. घाईत त्याचा चष्मा तिथेच राहिला. तो मी उचलून आणलाय, आणि पत्र वाचता यावं म्हणून सोबत धाडतोय. त्याच्या काडीला साळूमामींच्या हातचा लाल दोरा बांधलेला आहे. पिशवीत काय होतं आणि कुणासाठी, ते मी विचारणार नाही. तुम्ही फक्त शनिवारीच मुक्कामाला या. मामींना सांगा, डॉक्टरने या आठवड्यात रविवारीपण बोलावलंय.