दाजींची चार चाकं

हाउहो, २४ मे

तीर्थस्वरूप हिल्क्काताईस,

गुडघे जेवढे वाकू देतात तेवढं वाकून धाकट्या ओइवाचा नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. बर्फ वितळला तसा माझ्या बायकोचा, आउनेचा, खांदाही बरा झाला (ती म्हणते मालिशमुळे, पण मालिश दुसऱ्याने केलं, मी नाही, म्हणून ती तसं म्हणते). बर्चच्या झाडांना परवा पालवी फुटली. तुझी तब्येत कशी आहे? स्पेनच्या उन्हात दम लागतो असं तू लिहिलं होतंस, तर दुपारची बाहेर पडत जाऊ नकोस आणि तिथल्या लोकांचं बघून माशांवर तेल ओतू नकोस. तुझ्या मार्चमधल्या पत्राला उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. आळशी मेला, असं तू म्हणाली असशील. तेवढंच म्हणून थांबली असशील तर फार बरं, कारण खरं कारण त्याहून वाईट आहे.

तू लिहिलंस की जूनमधल्या युहान्नुसच्या सणाआधी परत येणार, आणि आल्या आल्या रौनोदाजींची गाडी विकून टाकणार. लाहतीचे कोणी डॉक्टर सणाच्या आठवड्यात न्यायला येतायत, आणि दाजींनी ठेवली होती तश्शी ती त्यांच्या हाती पडली पाहिजे. ताई, गाडी झकास आहे. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. गाद्यांवर डाग नाही. आतलं घड्याळसुद्धा बरोबर वेळ दाखवतं, जे दाजींच्या हयातीत कधी दाखवलं नव्हतं. राहता राहिली चाकं.

आता चिडू नकोस. ऑक्टोबरात विमानतळावर तू मला बजावलं होतंस, की पहिल्या बर्फाच्या आत अलॉयची, ती हलक्या चकचकीत मिश्रधातूची, चाकं काढ आणि हिवाळ्याची लोखंडी लाव, दाजींनी अलॉयला रस्त्यावरच्या मिठाचा कण लागू दिला नाही. सगळं आठवतं मला. पण नोव्हेंबरात आमच्या गायकमंडळींना तांपेरेला बोलावणं आलं, आणि पुढच्या गाडीचा मान आपल्या गाडीला मिळाला. लोखंडी चाकांवर ती गाडी कशी दिसते, तूच सांग? अंगात सूट आणि पायात गोठ्यातले बूट! म्हणून मी टायरवाल्याला सांगितलं, हिवाळ्याचे टायर अलॉयवरच चढव, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. (तो म्हणाला, "बघा हं, तुम्हीच पस्तावाल." आपल्या हॅमेकडचा अबोल माणूस एका दमात एवढं बोलतो तेव्हा ऐकावं, पण मी पडलो गायक.) आठ दिवसांचा सगळा हिवाळा झाला. महामार्गावर यंदा मीठ टाकणारे लोक लोणचं घालायला बसल्यासारखे टाकत होते.

एप्रिलमध्ये गाडी धुतली आणि बघतो तर काय. लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक लेपाच्या, खाली पांढऱ्या नागमोडी रेघा, जणू अळ्या फिरल्यायत. कडेला बोट लावलं तर पापुद्रा हातात आला आणि खाली पीठ. पुढचं उजवं चाक रोज सकाळी बसलेलं, कारण टायर जिथे कडेला टेकतो तिथंच गंज धरून हवा निसटत होती. लाज वाटली मला, ताई. दाजी ती चाकं दर वसंतात जुन्या बनियनने पुसायचे. मी ती एका हिवाळ्यात खाल्ली.

चाकं काढायला गेलो तर निघेनात. नट सगळे काढले, लाथा मारल्या, शेजारच्या कालेर्वोने लाकडी ओंडका घेऊन मागून ठोकलं, आणि चौथं निघालं तेव्हा कालेर्वो त्याच्यासकट माझ्या पोटच्या पोरांसारख्या जपलेल्या कांद्याच्या वाफ्यात. शहरात चाकं दुरुस्त करणारा एक आहे. आम्लाच्या टाकीत बुडवून, वाळूचा मारा करून, भट्टीत रंग भाजून तो नवी करून देतो. पण वसंतात सगळ्या फिनलंडला आपापली चाकं आठवतात. तो म्हणाला, जुलै. म्हटलं, मग मीच करतो. पॉलिश पेपर आणला, जाडा, मधला, बारीक. तीन आठवडे घासलं. जेवताना आउने म्हणायची, "सूपमध्ये राखाडी काय आहे ते विचारू नका." मग प्रायमर, चंदेरी रंग, आणि शेवटी लॅकरचा हात.

डब्यावर लिहिलं होतं, कोरड्या, उबदार, धूळ नसलेल्या जागी वाळवा. बाहेर सहा अंश आणि वारा. आता तूच सांग, आपल्या माणसाला कोरडी, उबदार, धूळ नसलेली जागा म्हटल्यावर काय आठवेल? आपलं वाफेचं न्हाणीघर, सौना, मंद तापवला आणि चारही चाकं वरच्या फळीवर मांडली, ओळीने, पाहुण्यांसारखी. आणि मी घरात जाऊन जरा पडलो.

त्या दिवशी शनिवार होता, सौनाचा वार. हे माझ्या लक्षात नव्हतं, कालेर्वोच्या होतं. धुराड्यातून धूर बघून तो नेहमीप्रमाणे टॉवेल गुंडाळून आला. सौनात अंधार, चष्मा घरी. दार ओढून घेतलं, "आलो रे" म्हणाला, आणि कोपऱ्यात बसला. तापलेल्या दगडांपुढे बसून पळीभर पाणी न टाकणारा माणूस या देशात जन्मलेला नाही. त्याने टाकलं. दोन पळ्या. मग मीच बसलोय असं समजून दहा मिनिटं त्याने त्या चाकांना आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली. उत्तर आलं नाही म्हणून त्याला काही वाटलं नाही, सौनात कोण कुणाला उत्तर देतं? मी उठून धावत गेलो तेव्हा तो बाहेर येत होता, डोळे ओले. माझा हात धरून म्हणाला, "ओइवा, आज इतकं नीट ऐकून घेतलंस रे!" तो माझ्याशी उभ्या उभ्या बोलतोय आणि त्याच्या मागे वाफ निघतेय, तरी मघाशी मी आतच होतो असं तो धरून चालला होता. म्हटलं, "अरे, त्यात काय एवढं."

चाकं दुधासारखी पांढरी पडली होती. ओल्या लॅकरवर वाफ बसली की तसं होतं, हे मला आता कुणी शिकवायला नको. पुन्हा घासली, पुन्हा रंगवली, या वेळी गॅरेजमध्ये, दाराला आतून कडी लावून. आता उन्हाळ्याचे टायर चढवलेत आणि चाकं अशी चमकतायत की आउने त्यांत बघून पावडर लावते. डॉक्टरांना बोट दाखवायला जागा नाही. तेव्हा निश्चिंत मनाने ये.

तुझा आज्ञाधारक (ऑक्टोबरची आज्ञा सोडून),
ओइवा

ता. क. १ : सौनाला थोडा लॅकरचा वास येतो. वरच्या फळीवर चार गोल वळी उठलीयत, त्यातलं एक दाजींच्या जागेवर. कालेर्वो म्हणतो वास छातीला चांगला असतो.

ता. क. २ : "बोट दाखवायला जागा नाही" हे मी वर लिहिलं ते पुरतं खरं नाही. पुढच्या उजव्या चाकाची हवा अजून जाते. ते मी मागून घासलेलंच नाही.

ता. क. ३ : आता सगळंच सांगतो, हे सांगायचं म्हणूनच पत्र इतकं लांबलं. आपण सगळे चाकं काढली की मागच्या बाजूला खूण करतो, पुढचं डावं, मागचं उजवं, म्हणजे पुढच्या वेळी घोळ नको. दाजींनीही केली होती, पांढऱ्या रंगाने, टपालखात्यात घोटलेल्या त्यांच्या अक्षरात. पुढच्या डाव्यावर, ते चालवायला बसायचे त्या बाजूला, "मी". मागच्या डाव्यावर "मासेमारीचं सामान". मागच्या उजव्यावर "हिल्क्काची पिशवी". ही तिन्ही मी वाचली, पण अर्थ ध्यानात यायच्या आधीच घासून टाकली, मला माफ कर. पुढच्या उजव्यावर, तू बसायचीस त्या बाजूला, नुसतं "हिल्क्का" आहे. ते अक्षर दर वसंतात पुन्हा गिरवलेलं आहे, रंगाचे थरावर थर आहेत. माणूस चाळीस वर्षं घरात "हं" च्या पुढे बोलला नाही आणि इथे हे. मी गॅरेजमध्ये बसून रडलो, कडी होती म्हणून बरं.

टायरवाला म्हणतो, चाक मागून पुरतं घासल्याशिवाय हवा थांबणार नाही. मी रोज सकाळी पंपाने भरतो, चाळीस हात. तेव्हा ताई, एका ओळीत कळव. गाडी विकायचीच असेल तर मी ते नाव घासून टाकतो. नसेल विकायची, तर तुझ्या हाताला बसेल असा एक पंप आणून ठेवतो.