तिसरं सिटिंग नको

प्रिय गट्टू,

तू फोनवर रोज विचारतोस, "आई, फरक पडला का?" आणि मी रोज "पडला रे" म्हणून हवापाण्यावर घसरते. बसस्थानकावर दिवसभर माइकपुढे बोलणारी बाई मी, पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की शब्द फुटत नाही. म्हणून लिहायला बसले. बाबा समोर कोडं सोडवतायत. मी सुट्टीचा अर्ज लिहितेय असं त्यांना वाटतंय. वाटू दे.

आधी चांगलं सांगते. तू मला नि बाबांना दवाखान्यात घेऊन गेलास त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फक्त कानामागे, टिकलीएवढ्या जागेवर लेसर मारून पाहिला आणि घरी पाठवलं. मी म्हटलं, एवढ्यासाठी का ही वरात? तर म्हणाल्या, "काकू, तुमची कातडी सावळी आहे. अशी कातडी लेसरने चिडली की काळी पडते. आधी तिचा स्वभाव तर कळू दे." मला ती बाई तिथेच आवडली. तोंडभर आश्वासनं नाहीत. गालावरचा जुना चट्टा मऊ होईल, सैल होईल, पण पुसला जाणार नाही. पुसून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं, हे त्यांनीच सांगितलं. जंतू शिरू शकतात, पांढरे डाग राहू शकतात, क्वचित नवीनच व्रण उठतो, हेही सांगितलं. बाबा परत येताना म्हणाले, "ही दुकान चालवणारी नव्हे, डॉक्टरच आहे."

पहिल्या सिटिंगला गाल बधिर करायचं मलम लावलं, डोळ्यांवर टोपणं बसवली आणि यंत्र सुरू झालं. रबर ताणून गालावर सोडावा तसे चटके. ते सोसवले. केस जळल्यासारखा वास आला तेव्हा मात्र मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिथल्या नर्सने काही न विचारता माझा हात हातात घेतला. घरी आले तर तोंड सुजून एवढं झालेलं, की बाबा म्हणाले, "कुणाशी हाणामारी करून आलीस? आणि जिंकलं कोण?" पुढे खपल्या धरल्या, पडल्या. मी ऊन टाळलं, स्कार्फ बांधला, मलमाची एक वेळ चुकवली नाही.

आणि खरंच गुण आला. ओठाच्या कोपऱ्यापासून मानेपर्यंतची ती ताठ दोरी सैल पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आ वासून जांभई दिली. मानेची खाज गेली. परवा एक जुना ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, आज तुमच्या फलाटातला फ ऐकू आला! इतकी वर्षं आम्ही अंदाजानेच गाडी लावत होतो." मी हसले आणि हसतानाही गाल ओढला नाही.

दुसऱ्या सिटिंगनंतर मात्र हनुवटीजवळ काळा डाग उठला, पूर्वी नव्हता असा. मी पथ्य मोडलं नव्हतं, त्यांचा हात चुकला नव्हता. "कधीकधी सगळं नीट करूनही होतं," त्या म्हणाल्या आणि क्रीम दिलं. काही महिन्यांत फिका होईल. कदाचित पूर्ण जाणार नाही. तो फिका झाल्यावर तिसरं सिटिंग करता येईल, पण गरज नाही, मर्जी तुमची, असं त्यांचं म्हणणं. माझी मर्जी नाही. मला तोंड उघडायला हवं होतं, ते उघडलं. दुसऱ्या दवाखान्यात म्हणे नवं यंत्र आलंय, तू तिथे माझं नावही घातलंस. ते काढून टाक.

आता जे आपण कधीच बोललो नाही ते. डॉक्टरीणबाईंनी "हे कसं झालं?" विचारलं तेव्हा "भाजलं होतं" एवढंच म्हणून तू पाणी आणायला गेलास आणि तपासणी संपेपर्यंत आला नाहीस. तुझ्यामागे मी त्यांना सगळं सांगितलं. तू तीन वर्षांचा होतास. ओट्यावरच्या किटलीची वायर लोंबत होती, लाल दिवा लागला होता, तू ती ओढलीस. किटली तुझ्या डोक्यावर येणार एवढ्यात मी मध्ये वाकले. तुझ्या अंगावर थेंब उडाला नाही. दवाखान्यात मला फक्त तेवढंच कळत होतं, आणि खोटं वाटेल, पण मी खूश होते. नंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. मला वाटलं, विसरलास. एवढंसं पोर काय लक्षात ठेवणार! आणि आई तोंड लपवायला स्थानकातल्या माइकच्या काचेच्या खोलीत बसली, असं तू बायकोला सांगितलंस म्हणे. अरे, ती नोकरी मी भाजण्याआधीच मागितली होती. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा आणि सगळं स्थानक माझं ऐकणार, अजून काय हवं?

सूनबाईचा फोन आला होता. तिने चुगली केली नाही, रडली. बाळ झाल्यापासून तू लेकीला एकदाही उचललं नाहीस म्हणाली. पाळण्याशी तासन्‌तास उभा राहतोस, ती रडली की बायकोला हाक मारतोस. एकदा म्हणालास, "माझ्या हातून तिला काही झालं तर?" तेव्हा मला कळलं, तू इतकी वर्षं काय सांभाळून ठेवलंयस, आणि माझा गाल गुळगुळीत करून तुला कशातून सुटायचं होतं. राजा, ते लेसरने जात नाही. सिटिंग कितीही कर. तेव्हाचे हात तीन वर्षांच्या पोराचे होते. आता ते बापाचे आहेत. आधी हात धू. खाली बस, उभ्याने घाई नको. एक तळवा मानेखाली घाल, दुसरा पाठीखाली, आणि छातीशी धर. ती रडेल. रडू दे. कुणाला हाक मारू नकोस.

तुझीच, आणि आता तिचीही,
आई